मामाचा शुक्रवार

तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं चारच, आणि माणसं वाढत चाललेली. कुणी कोणत्या वारी यायचं हे रुद्राणी सिस्टर ठरवायची. डॉक्टर रोग बघत, ती वार बघे.

मन्मथअप्पा तिचे सख्खे मामा. गंगाखेडला किराणा दुकानात जन्म गेलेला. सुयांसाठी हाताची शीर मोठी करून घ्यावी लागते. उजवा हात कामाचा, म्हणून बहुतेक जण डाव्या हाताची करून घेतात. अप्पांनी उजव्याची करून घेतली. डाव्या तळहातावर रोज इष्टलिंग ठेवून पूजा करायची. तो हात त्यांनी दवाखान्याला दिला नाही.

त्या आठवड्यात मुंजाजीचं बिनसलं. ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा, तरणा माणूस. दोन वार त्याला पुरेनात. छातीत पाणी साचायचं, आडवं होता येईना. बसल्या बसल्या रात्र काढायचा.

डॉक्टर म्हणाले, "याला शुक्रवारही लागेल. अप्पा आणि कमलबाई, दोघांना लघवी अजून होतेय. त्यांच्यापैकी एकाचं तीनऐवजी दोन वारांवर भागेल. कुणाचं ते तुम्ही बघा."

रुद्राणीनं फार विचार केला नाही. मामाचा शुक्रवार काढला. काढताना तिला हलकंच वाटलं. आता कुणी बोट दाखवणार नव्हतं.

सोमवारी अप्पा यंत्राला लागले तेव्हा तिनं सांगितलं, "मामा, शुक्रवारी येऊ नका. मुंजाजीला दिलाय तुमचा वार."

"बरं केलंस. श्वास घेता येईना पोराला." अप्पांनी तिच्याकडं मान वळवली. "पर कमलबाईचा कामून न्हाई?"

"त्या लय भांडतात."

सांगायचं न्यायाचं होतं, तोंडून निघालं हे.

अप्पा हसले. "मीबी असंच करायचो. दुकानात साखर कमी आली की घरची आधी कापायचो. लोक म्हणायचे, अप्पा लय इमानदार. तुझी मामी गुळाचा चहा करायची. तिला कुणी विचारलं न्हाई. मीबी न्हाई."

"मग परत देऊ का शुक्रवार?"

"मी कुठं मागायलोय? आधी विचारायचं होतंस, एवढंच."

यंत्राचं चाक फिरत होतं. नळीतून मामाचं रक्त बाहेर जात होतं, धुऊन परत येत होतं. रुद्राणी बघत उभी राहिली. ज्याला ती न्याय समजली, ती भीती होती. आणि त्या भीतीसाठी तिनं मामाचं अंग खर्ची घातलं होतं.

तिनं डॉक्टरांना विचारलं. वजनावर लक्ष ठेवून आलटून-पालटून चालेल, ते म्हणाले. मग ती कमलबाईंच्या खाटेशी गेली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून वर्गातला.

"बाई, मुंजाजीला शुक्रवार लागतोय. मी मामाचाच काढला होता, पर आता दोघांत वाटू. एका शुक्रवारी मामा सुट्टी घेतील, पुढच्या शुक्रवारी तुमी."

"हां! मामाला जड गेलं वाटतं," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आता बाहेरच्यांचा गळा धरा."

हेच ऐकावं लागू नये म्हणून तिनं मामाचा वार काढला होता. पण ती हलली नाही.

"मामाच हायेत ते माझे. म्हणून या शुक्रवारी आधी त्यांची सुट्टी. तुमाला मधीच दम लागला तर कधीबी या, डॉक्टर बघतील."

"आन् मी न्हाई म्हणलं तर?"

"तर भांडा. मी हितंच हाय."

बाईंनी तोंड भिंतीकडं केलं.

शुक्रवारी अप्पांच्या खाटेवर मुंजाजी होता. यंत्र बंद झालं, सुया निघाल्या, आणि उठायचं सोडून तो तिथंच पाठीवर सपाट झोपी गेला. शेजारून कमलबाई बराच वेळ त्याच्याकडं बघत होत्या.

"रुद्राणी, घोरायलाय बघ हा," त्या म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी माझ्या खाटंवर घोरंल. चादर तेवढी बदलून ठेव."