मूठ सैल करणारी जैतुनबी

शहागंजच्या बाजारात बोललं जायचं, की बांगड्या भरणारी जैतुनबी मनियारीण मंतर टाकते. तिनं हात हातात घेतला की बाईची हाडं लोण्यासारखी होतात, अन् एक नंबर लहान बांगडीही सर्रकन चढते. खोटं. मंतरबिंतर काही नाही. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या साली जन्मलेल्या या बाईला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती: मूठ आवळून धरायला माणसाचं लक्ष लागतं. म्हणून बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली, की नेमकं तेव्हाच ती विचारायची, "सासूच्या हातची कोणती भाजी आवडती गं?" बाई उत्तर शोधायला जायची, मूठ सैल पडायची, बांगडी वर.

पण अफवा पैठणपर्यंत पोचली. तिथून वच्छलाबाई भाचीला घेऊन लग्नाचा चुडा भरायला आल्या. आधीच दुसऱ्या दुकानात भाचीच्या तीन बांगड्या 'वाढल्या' होत्या. फुटल्या म्हणायचं नसतं. आता पोरगी काचेची नुसती किणकिण ऐकून मूठ आवळत होती. ते बघून जैतुनबीनं तिचा हात धरायला अन् ही तीच मंतरवाली हे ओळखून वच्छलाबाईंनी उठायला एकच गाठ पडली.

"बाई, लई ऐकलंय तुमचं. नवरीच्या हाताला तसलं काय नको."

जैतुनबीनं पाट पुढं सरकवला. नवरी दुकानातून रित्या हातानं गेली, तर शहागंजात पुन्हा कोण तिच्याकडं चुडा भरायला येणार?

"बसा बाई. मंतर हाय का नाय, तुमच्या डोळ्यांदेखत बघा."

समोरच्या अत्तरवाल्याची पोरगी सगीरा, म्हणजे हे लिहिणारीच, तिथं टपून होती. अकरावीत मानसशास्त्र, अन् रिकाम्या वेळात अख्ख्या गल्लीच्या नकला. तिनं लगेच कॉलेजातल्या मॅडमचा नाकातला आवाज लावला: "टोचल्यावर हात मागे घेणे ही उपजत, प्रतिक्षिप्त क्रिया. नुसत्या आवाजाने मूठ आवळणे हे मात्र शिकलेले वर्तन."

"शिकलेलं हाय, म्हंजे इसरवता येतं," जैतुनबी म्हणाली. "ये शाणे, आधी तुझाच हात दे."

"माझ्यावर नाय चालायचं, खाला. तुमची युक्ती मला माहितीय. काहीपण विचारा, उत्तरच देणार नाय. पैज!"

"हरलीस तर आठ दिवस कुणाची नक्कल नाय."

"कबूल!"

सगीरानं ओठ मिटले, मुठीचा दगड केला. जैतुनबीनं काही विचारलंच नाही. हिरवी बांगडी हाडाशी टेकवली अन् स्वतःच मॅडमची नक्कल सुरू केली, तीही थेट बकरीच्या आवाजात.

सगीराच्या कानाला ते सोसवेना. "असं नाय हो खाला! नाकातून काढायचं, अन् शेवटाला मान अशी..." मान वाकडी होईपर्यंत चार बांगड्या मनगटावर!

नवरी पोट धरून हसत सुटली. तेवढ्यात जैतुनबीनं तिचा हात घेतला अन् हसू ओसरायच्या आत चुडा भरला. एकही वाढली नाही.

"अगं बया, मंतर कुठं व्हता ह्यात?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"ह्या पोरीच्या तोंडात व्हता," जैतुनबीनं सगीराकडं बोट दाखवलं.

सगीरानं आठ दिवस नकला बंद ठेवायचं ठरवलं. कागदावर बंदी नव्हती, म्हणून हे सगळं लिहून काढलं, अन् सातव्या दिवशी खालाला अगदी सपाट आवाजात वाचून दाखवलं.

"माझा आवाज असा मरतुकडा हाय व्हय गं?" जैतुनबीनं विचारलं.

"नाय हो, तुमचा तर..." म्हणत सगीरानं पदर खोचला अन् हुबेहूब जैतुनबी झाली.

आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून.