फळ्यावरचं शुद्धिपत्र

चंडीगडच्या लेकच्या, म्हणजे तळ्याच्या, मागच्या कॉलनीत गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला पहिला दिसतो तो फळा. चौकीदार त्याच्यानंतर. सहा बाय चारचा काळा फळा, वर पावसापाण्याला पत्रा, खाली खडूच्या पांढऱ्या भुकटीची रेघ. फळ्याला मालक असा नाही, पण लिहिणारा एकच. सुभेदार हरिभाऊ शेडगे, रिटायर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, सध्या मुक्काम चंडीगड. ‘सध्या’ म्हणता म्हणता अठ्ठावीस वर्षं झाली.

पलटणीत हरिभाऊ क्लार्क होते. रोजचा हुकूम टाइप करायचा, नंबर घालायचा, साहेबाची सही घ्यायची नि बोर्डाला लावायचा, यात उमर गेली. पलटण सुटली, पण हाताची सवय काही सुटली नाही. कॉलनीतल्या प्रत्येक नोटिशीला त्यांनी नंबर घातला, तारीख घातली आणि खाली ‘हुक्म से’ लिहिलं. पाणी सकाळी सहा ते आठ, हुक्म से. कुत्र्याला पट्टा बांधा, हुक्म से. गुरुपर्वाचा लंगर रविवारी, हुक्म से. हुकूम कुणाचा, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचा आणखी एक कायदा होता. चुकलेलं पुसायचं नाही. पलटणीत चुकीचा हुकूम कुणी फाडत नसे; खाली शुद्धिपत्र निघे, नंबर घालून, कारण लिहून. पोलिओच्या डोसाची तारीख एकदा त्यांच्याकडून चुकली. आठवडाभर वर चूक नि खाली दुरुस्ती, दोन्ही फळ्यावर. कुणीतरी म्हणालं, “सूबेदार साब, मिटा दो ना.” तर हे म्हणाले, “मिटा दिया तो लगेगा गलती हुई ही नहीं.”

यंदा महापालिकेची निवडणूक लागली आणि फळ्याला श्वास घ्यायला सवड राहिली नाही. कॉलनीचं दुखणं एकच, शनिवार-रविवार. लेक बघायला पंजाब, हरियाणा, दिल्ली, जिथनं तिथनं माणूस येतो. लेकवर गाडीला जागा नाही, म्हणून तो गल्लीत घुसतो. फाटकासमोर गाडी लावून बोटिंगला जातो. अशा गाड्यांचे नंबर हरिभाऊ फळ्यावर लिहीत. मागल्या हिवाळ्यात ॲम्ब्युलन्स पाऊण तास गल्लीच्या तोंडाशी अडकली होती. त्यावर तोडगा असा निघाला की, कॉलनीतल्या बागेचंच पार्किंग करायचं. निवडून आलेल्यांनी मान डोलावली. एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरच्या नरेंद्र चोपडानं तर पेढे वाटले. वरच्या मजल्यावरच्या त्याच्या चार खोल्या पाहुण्यांना भाड्यानं जातात.

बाग म्हणजे फार मोठी नव्हे. दोन बकुळी, एक मोडका झोपाळा, हिवाळ्यात धुकं उठलं की बायकांनी उन्हाला पाठ करून बसायची जागा. पण तेवढ्यासाठी मीनाक्षी सैनी अपक्ष उभी राहिली. बाई शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली, बोलणं मोजकं नि धारदार. सूचक म्हणून सही करायला मात्र माणूस मिळेना. निम्मी कॉलनी सरकारी नोकरीतली, ती भ्याली. उरलेल्यांत भाडेकरू जास्त, त्यांचं मत दुसरीकडे. जो तो म्हणे, “सूबेदार साब हैं ना!” हरिभाऊंनी छाती पुढे काढली आणि बुधवारी फळ्यावर लिहिलं, नोटीस क्रमांक चारशे बारा. ‘श्रीमती मीनाक्षी सैनी के प्रस्तावक : सूबेदार हरिभाऊ शेडगे. हुक्म से.’

अर्ज भरायचा शेवटचा दिवस गुरुवार, तीन वाजेपर्यंत. अकराला धुकं उठलं आणि मॅडमचा फोन आला.

“सूबेदार साब, फॉर्म में आपका सीरियल नंबर भरना है. लिस्ट में देख के बता दो जी. एक बजे निकलते हैं.”

“अभी बताता हूँ.”

यादी लांब नव्हती. वॉर्डाची मतदार यादी हरिभाऊंनीच आणून, सुतळी ओवून, फळ्याच्या खिळ्याला टांगली होती. वर लिहिलं होतं, ‘अपना नाम जाँच लें.’ महिनाभर अख्खी कॉलनी येऊन बोट लावून गेली होती. हरिभाऊंनी स्वतः पान उलटलं नव्हतं. आचाऱ्यानं पंगत उठेस्तोवर जेवू नये, तशातली गत.

घर नंबर दोनशे बारा. सहाशे अठरा, शोभना हरिभाऊ शेडगे. त्याच्या वर सहाशे सतरा, शेजारची गुरनाम कौर, घर दोनशे अकरा.

हरिभाऊंनी बोट ओलं केलं, पान मागे घेतलं, पुढे घेतलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. यादीच्या शेवटी वगळलेल्यांचं एक पान होतं. तिथं मेलेल्या तिघांच्या खाली ते स्वतः होते, ठसठशीत अक्षरात. कारण : स्थानांतरित.

मग हळूहळू सगळं आठवलं, नको असताना.

दोन वर्षांमागं गावच्या जत्रेला ते एकटेच गेले होते. पुतण्या संग्राम ग्रामपंचायतीला उभा राहणार होता. मटणाच्या ताटावर तो म्हणाला, “काका, तुमचं नाव हितं आसाया पायजे. घर हाय, जिमीन हाय, मग मत का न्हाई?” हरिभाऊ विरघळले. फॉर्मवर सही केली. घर दोन तर नाव दोन ठिकाणी राहतं, असा त्यांचा भाबडा हिशेब. परत येऊन शोभनाला नुसतं चाचपून बघितलं, “आपली नावं गावाकडं घालूया का?” तर ती ताडकन म्हणाली, “माझं न्हाई. मी सव्वीस हिवाळं काढल्यात हितं. माझं मत हितलं.” झाल्या सहीबद्दल मग ते बोललेच नाहीत. पुढे एक सरकारी लिफाफा आला होता. शोभना म्हणाली होती, “तुमच्या नावाचा कागद आलाय.” आणि ते फळ्याकडे निघता निघता म्हणाले होते, “ठेव टीव्हीखाली.”

तो लिफाफा अजून टीव्हीखालीच होता.

हरिभाऊ बागेला फेऱ्या मारू लागले. हात मागे, खिशात खडू, चाल पलटणीची पण पावलं चुकलेली. पाकिटात जुनं मतदार ओळखपत्र होतं, मागच्या वेळचा नंबरही तोंडपाठ होता. तोच भरला तर? तिथला बाबू तीन वाजायच्या गर्दीत थोडाच पान उलटून बघणार?

“ओ सूबेदार साब! आज परेड किस खुशी में?” नरेंद्र चोपडा स्कूटरवर टेकून शेंगा सोलत होता. “मैडम का फॉर्म भर रहे हो, बढ़िया है जी. नंबर-वंबर ध्यान से भरना. कल फॉर्म की जाँच में हम भी आएँगे. चाय पिलाओगे ना?”

शेंगेचं फोलपट त्यानं फुंकून उडवलं आणि हसला. हरिभाऊंनी ओळखलं. याला ठाऊक आहे. यानं ते शेवटचं पान वाचलंय आणि उद्यापर्यंत दाताखाली धरून ठेवणार आहे. उद्या छाननीत सूचक मतदारच नाही म्हटल्यावर अर्ज बाद, मॅडम बाद, बाग बाद.

त्यांनी बँकेतल्या अंशुमनला फोन लावला. “अंकल जी, मेरी तो सरकारी नौकरी है, आप समझो ना यार.” दोनशे पाचला कुलूप. दोनशे नऊमधली पोरं कोचिंगला आलेली, मतं आपापल्या गावी. बारा वाजून वीस झाले.

बागेत बकुळीखाली बायका बसल्या होत्या. शोभना मधोमध, पुढ्यात मटारची परात. हरिभाऊ तिच्यासमोरून एकदा गेले, दोनदा गेले. तिसऱ्या खेपेला ती मान वर न करता म्हणाली, “काय हरवलंय का?”

ते थांबले. शेजारीण उर्मिला, तिची सासू, आणखी दोघी, सगळ्या बघू लागल्या. पण यातल्या एकीलाही मराठीचं अक्षर कळत नव्हतं, आणि हरिभाऊंना तेवढाच आडोसा पुरला. भर उन्हात, पाच बायकांसमोर, उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगून टाकलं. संग्राम, मटणाचं ताट, सही, लिफाफा, शेवटचं पान.

शोभना मटार सोलत राहिली. एक शेंग, दोन शेंगा.

“की होया भैणजी?” उर्मिलानं विचारलं.

“कुछ नहीं, इनका एक कागज़ गुम हो गया,” शोभना म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता मराठीत, “म्हंजी माझ्या माघारी तुमी गावाला गेलासा. कागदावर का हुईना, पर गेलासा.”

“तसं न्हवं गं...”

“मग कसं? मी भाजी बी तुमास्नी सांगून आनते, आन् तुमी गाव बदलून येता न सांगता.”

परातीतला एक दाणा घरंगळून गवतात गेला. हरिभाऊंनी वाकून तो उचलला आणि हातातच धरून उभे राहिले.

“मॅडमचा अर्ज जाईल बघ,” ते शेवटी म्हणाले. “माझं जाऊ दे. पर ही जागा जाईल. तू... तुझं नाव हाय यादीत. तू सही करशील का?”

“सहाशे अठरा,” शोभना म्हणाली.

“आँ?”

“माझा नंबर. तुमी लिवता न्हवं, अपना नाम जाँच लें? मी जाँचते. दर टायमाला. पंध्रा दिस झालं, माझ्या वर तुमचं नाव न्हाई, ती गुरनामी बसलीया. म्हनलं, आज सांगत्याल, उद्या सांगत्याल. काल फळ्यावर चारशे बारा वाचलं तवा म्हनलं, आता तरी पान उलटत्याल.” तिनं परात उर्मिलाकडे सरकवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. “कार्ड सकाळधरनं पिशवीत हाय. एक वाजंस्तोवर वाट बघनार व्हते, मग मीच मीनाक्षीकडं जानार व्हते.”

“आन् मला सांगितलं न्हाईस!”

“तुमी सांगितलं?”

मॅडमनं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला नाही की रागावली नाही. गणिताच्या बाईसारखी फॉर्मवरची रेघ खोडून नवी कोरी प्रत काढली. “भैणजी, आपको डर नहीं लगता? लोग नाम लेंगे.”

“नाम तो है ही लेने के लिए,” शोभना म्हणाली.

सेक्टर सतराच्या निवडणूक कचेरीत पोचेस्तोवर हरिभाऊ मागच्या सीटवर घड्याळ बघत होते. मधल्या चौकात गाड्यांची रांग हलेना तेव्हा त्यांनी दोनदा दार उघडायला हात घातला. कचेरीत ढोल, हार, घोषणा, एकेका उमेदवाराबरोबर पन्नास माणसं. शोभनानं शालीतून हात बाहेर काढला आणि सही केली. सही म्हणजे एकेक अक्षर वीट ठेवल्यासारखं ठेवणं. बाबू पेन आपटत राहिला, ती घाईला आली नाही. त्यानं यादी उलटली, सहाशे अठरावर पट्टी ठेवली, कार्डाशी ताडलं आणि शिक्का मारला. दोन वाजून बेचाळीस.

परत आले तेव्हा ऊन फळ्यावर तिरपं आलं होतं. शोभना गेटाशीच थांबली. हरिभाऊंनी खडू काढला, चारशे बाराच्या खाली रेघ मारली आणि लिहिलं. ‘नोटीस क्रमांक ४१३, शुद्धिपत्र. क्रमांक ४१२ में प्रस्तावक का नाम रद्द समझा जाए. उसकी जगह श्रीमती शोभना शेडगे पढ़ा जाए.’

त्यांनी हात झटकला. शोभना तशीच उभी.

“झालं की,” ते म्हणाले.

“कारन?”

“आता कारन कशाला? काम झालं न्हवं?”

“पोलिओच्या टायमाला लिवलं व्हतं. पान्याच्या टायमाला लिवलं व्हतं. त्या चोपड्याच्या गाडीचा नंबर चुकून लिवला, तवा बी लिवलं.” तिनं शाल आवळून घेतली. “बायकांत मी तुमची चूक झाकली. फळ्यावर मी न्हाई झाकनार.” आणि ती गल्लीनं घराकडे चालू लागली.

हरिभाऊ खडू घेऊन उभे राहिले. कोपऱ्यावर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. न वळताच त्यांना कळलं कोण ते. तो आता वाचणार आणि उद्याच्या छाननीत काही हाती लागणार नाही म्हटल्यावर इथंच चावणार. तरी हात उचलला. अक्षर नेहमीसारखं पलटणीचं आलं नाही, थोडं उताराला लागलं.

‘कारण : सूबेदार हरिभाऊ शेडगे ने अपना वोट दो साल पहले गाँव में करवा लिया था और घर में भी नहीं बताया. इस बार वह यहाँ वोट नहीं देंगे. हुक्म से.’

नरेंद्र चोपडा जवळ आला, ओठ हलवत सगळं वाचलं. हसायला तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करावी ते त्याला उमजेना. जे दाताखाली धरून ठेवलं होतं ते फळ्यावर अख्खं मांडून ठेवलेलं.

“सूबेदार साब,” तो अखेर म्हणाला, “ये ‘हुक्म से’ रोज लिखते हो. किसके हुक्म से?”

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. हरिभाऊंनी गल्लीकडे बघितलं. शोभना दोनशे बाराच्या फाटकाशी पोचली होती आणि तिथं कुणा पाहुण्यानं आडवी लावलेल्या दिल्लीच्या गाडीला वळसा घालत होती.

“घरच्या,” ते म्हणाले, आणि गाडीचा नंबर लिहून घ्यायला खडू घेऊनच निघाले.