तीन दिव्यांची टोपी

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावरच्या जुन्या वायरींसारखे ते आपोआप जमतात आणि एक ओढायला जावं तर चार हातात येतात! हे सगळे किस्से संदेशच्या घरातून सुरू झालेले; घर बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात. घरोघरी इंटरनेट नुकतंच येत होतं आणि आमचा गेमिंगचा अड्डा तिथेच भरायचा.

अड्ड्यात आम्ही तिघं. लढाऊ विमानांच्या गेममध्ये संदेशचा हात कुणी धरू शकत नव्हतं. हेमंत बदलापूर गावातला, दिसेल ती वस्तू उघडून बघणारा. आणि मी? इंटरनेटवर अर्धवट वाचून यायचं आणि ठामपणे चुकीचं सांगायचं, हे माझं खातं.

मग अंबरनाथच्या कंपनीत प्रेस मशीनखाली संदेशच्या डाव्या हाताची बोटं गेली. उजव्या हाताने जॉयस्टिक चालायची, पण आजूबाजूला बघायची बटणं डाव्या हाताची. त्यामुळे याला फक्त समोरचं दिसायचं. शत्रू बाजूने यायचा आणि याला पाडून जायचा.

एक दिवस म्हणाला, "बस झालं. कॉम्प्युटर विकून टाकू."

हॉस्पिटलमध्येसुद्धा त्याचा आवाज असा पडला नव्हता. मला फार वाईट वाटलं. मान वळवली की गेममध्ये तिकडचं दिसेल, असं काहीतरी याला मिळवून द्यायचंच, असं आम्ही ठरवलं. परदेशात तयार यंत्र मिळत होतं. त्याची किंमत बघून हेमंतने कॉम्प्युटरच बंद केला!

*

पहिली स्वारी उल्हासनगरला. मी वाचलं होतं की डोक्याला लावायचा चष्मा मिळतो, त्यात आतच स्क्रीन असते. एका दुकानात सापडला! दुकानाच्या सिंधी शेठजींनी तो संदेशला घातला. संदेशने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, वर बघितलं, खाली बघितलं.

"साईं, मान फिरवली तरी चित्र तेच आहे."

शेठ खूश होऊन म्हणाले, "वही तो खासियत है! किधर भी देखो, पिक्चर मिस नहीं होगा!"

*

नंतर हेमंतने हवेत हलवायचा वायरलेस माउस आणला. टेबल नको, हातात धरून हलवला की बाण हलतो. त्याने तो इलास्टिकने आपल्या बाइकच्या हेल्मेटवर बांधला आणि हेल्मेट संदेशला घातलं. चाललं की! आम्ही टाळ्या पिटल्या.

पण त्या माउसचं 'समोर' हळूहळू सरकत जायचं. विमान सरळ ठेवायला संदेश थोडा उजवीकडे वळायचा, मग अजून थोडा. फिरत्या खुर्चीवर बसलेला, त्यामुळे त्यालाही कळलं नाही. त्याची आई चहा घेऊन आली तेव्हा हेल्मेट घातलेला संदेश मॉनिटरकडे पाठ करून भिंतीकडे बघत होता.

"हा काय करतोय रे?"

हेमंत म्हणाला, "काकू, डिस्टर्ब करू नका. तो सरळ चाललाय!"

*

शेवटी योग्य उपाय सापडला. टोपीवर तीन इन्फ्रारेड दिवे लावायचे, डोळ्यांना न दिसणारे, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तसे. समोरचा वेबकॅम त्यांच्यावरून मान किती वळली ते ओळखणार. मान जराशी हलवली तरी गेममधला पायलट पार मागे बघणार! सॉफ्टवेअर फुकट. वेबकॅमवर फक्त फोटोची 'जळकी' निगेटिव्ह लावायची, म्हणजे उजेड लागून काळी पडलेली; तिने बाकीचा उजेड अडतो आणि दिव्यांचा तेवढा आत येतो.

फोटो स्टुडिओवाल्याकडे ती मागितली तर तो भडकला. "लोकांचे फोटो बिघडवतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

दिव्यांसाठी हेमंतने घरचे रिमोट उघडले. संध्याकाळी वडिलांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग हेमंतकडे बघितलं. काही ओरडले नाहीत. टीव्हीशेजारी स्टूल ठेवलं आणि म्हणाले, "बस. आता तूच चॅनल बदलायचे."

महिनाभर बदलत होता बिचारा!

*

टोपी तयार झाली आणि संदेश उडायला लागला. काय वळायचा! त्याचा चेहरा बघूनच आमचं पोट भरायचं. मग पौर्णिमेच्या संध्याकाळी अचानक घोळ झाला. पायलटची नजर वर कोपऱ्यात जाऊन चिकटली, काही केल्या खाली येईना. आम्ही टोपी तपासली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. काही उपयोग नाही.

हेमंतने कॅमेऱ्याच्या समोर बघितलं. संदेशच्या मागे फळीवर भगवान बुद्धांची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, आणि पुढे काकूंनी वंदनेला लावलेल्या मेणबत्त्या. ज्योतीतही तोच न दिसणारा उजेड असतो. कॅमेरा टोपी सोडून त्या ज्योतींच्या मागे लागला होता!

संदेश म्हणाला, "आई, मेणबत्त्या जरा बाजूला घेतेस का? कॅमेरा तिकडेच बघतोय."

"बघू दे की! तुमच्यापेक्षा त्यालाच अक्कल आहे."

मेणबत्त्या हलल्या नाहीत. आम्ही टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं.

*

आणि मग उल्हासनगरच्या सायबर कॅफेतली स्पर्धा. फायनलला संदेशसमोर विकी, तिथला न हरलेला चॅम्पियन. आम्ही वेबकॅम लावला, संदेशने टोपी घातली, आणि विकी उठून उभा राहिला.

"ये टोपी-बिपी नहीं चलेगी! दोन हातांनी खेळ ना, सगळे खेळतात तसा!"

माझं डोकं सणकलं, मी पुढे झालो, पण संदेशनेच मला अडवलं. त्याने डावा हात खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. अपघातानंतर चार लोकांत तो हात त्याने पहिल्यांदाच बाहेर काढला होता.

विकीने हाताकडे बघितलं. खाली बसला. कॅफेवाल्याला म्हणाला, "लगा दे." आणि संदेशला म्हणाला, "पण सोडणार नाय हां तुला."

खरंच सोडलं नाही त्याने. ढगात शिरला, खालून फिरला, संदेशच्या बरोबर पाठीशी आला. आम्ही ओरडायच्या आत संदेशची टोपी इंचभर हलली. विमान गर्रकन उलटलं, आणि पुढच्या क्षणाला विकीच्या स्क्रीनवर नुसता धूर! कॅफे डोक्यावर घेतला पोरांनी. हेमंत तर खुर्चीवर चढून नाचला.

विकी हेडफोन काढून आमच्या टेबलापाशी आला.

"एक सांग भाई. मी मागे आहे, तुला कळलं कसं?"

संदेशने टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाला, "बघितलं ना वळून!"