पफरला सोबत चालत नाही

दुकानदाराने बजावलं होतं, "खाऱ्या पाण्यातला पफर मासा घरी पाळता येतो, पण टाकीत एकटाच ठेवा. दुसऱ्या माशांना कुरतडतो." मी ऐकलं नाही. सोबतीला एक छोटा मासा आणला. दोन दिवसांत त्याची अर्धी शेपटी गेली, तेव्हा त्याला परत देऊन आलो.

सोलापुरात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. त्यात मी टाकीसाठी समुद्री मीठ कालवतो, म्हणून शेजारीण ओरडते, "हितं प्यायला पाणी न्हाय, अन् तुमी खारं करताय व्हय?" करतो, माझी मर्जी! बायको गेल्यापासून माझ्याशी भांडायला तेवढीच उरलीय.

मी टाकीजवळ गेलो की पफर काचेशी येऊन माझ्याकडे बघत राहतो. कवचासकट कोळंबी मिळते म्हणून येतो, हे मला कळतं.

म्हणूनच ती मी जरा उशिरा टाकतो.