नोंद क्रमांक एक

जळगावातल्या बळीराम पेठेत शालिग्राम आबांच्या पुढच्या खोलीत समाजाचं वधू-वर सूचक मंडळ चाले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून आबा हे काम फुकट करत. अर्ज घ्यायचे, सूची करायची आणि उन्हाळ्यात ती चाळीसगावच्या परिचय मेळाव्याला न्यायची.

ब्याण्णव साली सुरतच्या एका समाजबांधवाने मंडळाला लॅपटॉप भेट दिला. कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या भटूने त्यावर सूचीचा प्रोग्राम बसवला आणि नावं भरायला बसली आबांची एकुलती एक लेक सुनंदा, नुकतीच बी.कॉम. झालेली. यंत्र चालतंय का हे बघायला तिने पहिली नोंद स्वतःचीच केली. ‘अपेक्षा’ या रकान्यात लिहिलं, ‘स्वतःचा चहा स्वतः करणारा.’ आबा त्या दिवशी पोट धरून हसले होते.

पुढच्या वर्षी, त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, सुनंदा टायफॉइडने गेली.

भटूच्या प्रोग्राममधून नाव काढायची एकच सोय होती. ‘विवाह ठरला’ म्हणायचं आणि जोडीदाराचं नाव लिहायचं. ते रिकामं ठेवलं तर यंत्र पुढे सरकत नसे. दुसरं काही घडू शकतं, हे भटूला तेव्हा सुचलंच नव्हतं. त्यामुळे सुनंदा सूचीतच राहिली. सूची छापताना आबा न चुकता पहिला नंबर वगळत.

पण जन्मतारखेवरून वय मात्र यंत्र आपोआप काढी. दर दोन जूनला पडद्यावरची सुनंदा एका वर्षाने मोठी होई. चोवीस, पंचवीस, सव्वीस. आबा सकाळी अंघोळ करून यंत्र उघडत, तो आकडा पाहत आणि झाकण लावत. एकदा बॅटरी पार उतरली. पुन्हा सुरू केल्यावर यंत्रातली तारीख थेट १९८० सालात गेली होती. सुनंदाचं वय नऊ वर्षं. आबांनी तीन दिवस तारीख दुरुस्त केली नाही. कुणी सूची बघायला आलं की सांगत, “यंत्र बिघडलंय.”

सत्त्याण्णव साली भटू मागे लागला. “आबा, धुळ्याच्या मंडळाने विंडोज घेतलं. नावासोबत फोटो दिसतो! आपण अजून काळ्या पडद्यावर.”

“फोटो बघून लग्नं जमवायची का?”

“मग काय, नुसती वयं बघून?” भटू हसला. “डिस्क लहान आहे, दोन्ही मावणार नाही. जुनं सगळं पुसावं लागेल. नावं मी छापील यादीवरून पुन्हा भरून देतो.”

“विचार करून सांगतो,” आबा म्हणाले. हे ते चौथ्यांदा सांगत होते.

त्या उन्हाळ्यात मेळाव्याच्या वेळी आबांना ताप होता, म्हणून यादी भटूने छापली होती. पाचशे नावांत पहिल्या नावाकडे त्याचं लक्षच गेलं नाही. जुलैत एका दुपारी सोनगीरचे हिलाल नाना मुलाला घेऊन दारात उभे राहिले. हातात ती यादी.

“पत्र टाकायला हवं होतं,” नाना संकोचून म्हणाले, “पण पोरगा म्हणे, आत्ताच जाऊ. मुलगी घरीच असेल ना?”

आबांनी दोघांना आत घेऊन बसवलं. मुलगा, अभिमन, हसून उठला. स्वयंपाकघराच्या दाराशी आबांच्या पत्नी बेबाबाई उभ्या होत्या. “आई, अट वाचली आहे मी. चहा मीच करतो.”

बेबाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. साखरेचा डबा पुढे केला. त्याने खरोखरच चहा केला. पाच कप. पाचवा कप कुणासाठी ते सगळ्यांना कळत होतं. तो निवत राहिला, तेव्हा आबांनी खरं सांगितलं.

नाना उठून आबांच्या शेजारी येऊन बसले. अभिमनने जाताना बेबाबाईंच्या पायांना हात लावला, वर मात्र पाहिलं नाही.

दार लावून बेबाबाई परतल्या. दर दोन जूनला नवरा झाकण उघडून काय बघतो, हे त्यांना ठाऊक होतं.

“आते बस करा,” त्या म्हणाल्या. “पोर तेवीसनीच शे. तिले कितली म्हातारी करशात?”

आबांच्या निरोपावरून दुसऱ्या दिवशी सकाळी भटू विंडोजच्या फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन आला. अभिमनची हकिकत त्याला कळली होती. तो खाली मान घालून उभा राहिला.

“थांब जरा,” आबा म्हणाले. त्यांनी यंत्र उघडलं. तारीख बदलली. ऑगस्ट, त्र्याण्णव. मग पहिली नोंद उघडली.

सुनंदा. वय तेवीस.

बेबाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. दोघांनी आकडा वाचला. मग आबा खुर्चीवरून उठले.

“पुस,” ते भटूला म्हणाले.