नासलेला रंग

बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढण्यात मावशींचा जन्म गेला. काम सुटल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून त्या चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागल्या. ब्रश काही त्यांना मानवला नाही. मग त्यांनी सरळ बेकरीतला क्रीम पिळायचा कोन काढला, त्यात जाड रंग भरून कॅनव्हासवर पिळला आणि वरून केकची दातेरी पट्टी फिरवली. वर्ग घेणाऱ्या बाई आ वासून बघत राहिल्या. "मावशी, भन्नाट!" झालं, मावशी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसल्या.

मॉडेल घरातच होतं. त्यांचे यजमान, म्हणजे काका, जन्मभर लोकांच्या दाढ्या करून थकलेले. सलून विकताना तिथली खुर्ची तेवढी त्यांनी घरी आणली होती. तीत ते रोज सकाळी खिडकीपाशी बसत. मावशींनी त्यांच्या चेहऱ्याचा रंग जुळवला: पांढऱ्यात तपकिरी, थोडा तांबडा, नखभर पिवळा. बेकरीच्या सवयीने डबाभर एकदमच करून ठेवला.

दुसऱ्या चित्राला तो रंग चेहऱ्याशी जुळेना. फारच गुलाबी वाटायला लागला. "नासला मेला," म्हणून मावशींनी डबा ओतून दिला आणि नवा रंग केला, पिवळा जरा सढळ हाताने. काही दिवसांत तोही नासला. पिवळा आणखी वाढला. पुढे तर डोळ्यांच्या पांढऱ्यातही थोडा घालावा लागला, आणि चित्र असं हुबेहूब उतरलं की मावशी स्वतःवरच खूश झाल्या. काका हल्ली अर्ध्या जेवणावरून उठत. "नुसतं बसून भूक कुठून लागणार?" मावशी म्हणत.

वर्गात त्यांनी रंगवाल्या दुकानदाराच्या नावाने खडे फोडले. बाई हसल्या.

"अहो मावशी, रंग म्हणजे काय क्रीम आहे नासायला? झाकण घट्ट असेल तर आहे तस्साच राहतो. उजेड बदलला असेल तुमच्याकडचा."

खिडकी तीच होती, वेळही तीच. मावशी उठल्या. वर्ग अर्धवट टाकून त्या घरी आल्या.

काका गुळगुळीत दाढी करून खुर्चीत तयार बसले होते. मावशींनी भिंतीवरचं पहिलं चित्र उतरवलं आणि त्यांच्या गालाशी धरलं. चित्रातला गुलाबी गाल एकदा नीट बघून ते खाली ठेवलं.

"अहो, चपला घाला. डॉक्टरकडे जायचंय. आत्ताच्या आत्ता."

काकांनी चित्राकडे पाहिलंही नाही. "मला चेहरा कळत नाही होय गं? आरशात रोज बघतोय मी."

"मग बोलला का नाहीत?" मावशी किंचाळल्या. त्यांना भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"तू इतकी रमलेली कधी दिसली नव्हतीस. म्हटलं, हातातलं चित्र होऊ दे, मग सांगू."

आणि मावशी तर एक चित्र संपलं की लगेच दुसरं सुरू करत होत्या.