केरू फौजीचे कान

टोकावड्याचा केरू तोफखान्यात होता. सरावाच्या वेळी गोळा तोफेच्या नळीतच फुटला. शेजारी उभे असलेले दोघे जागीच गेले. केरू वाचला, पण उजवा कान कायमचा गेला आणि डाव्याला तोंड लावून ओरडलं तर थोडंफार कळे, एवढंच राहिलं. फौजेने अपंगत्वाची पेन्शन लावून त्याला घरी धाडलं. मात्र दर काही वर्षांनी मुंबईच्या लष्करी इस्पितळात डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं राहायचं, कान अजून तसाच आहे हे दाखवायचं, तेव्हा पेन्शन पुढे चालू.

गावात हे फार जणांना पटत नसे. हात धड, पाय धड, भाताची लावणी करतो, मग याला झालंय तरी काय? शेजारचा धाकलू तर उघड म्हणे, "त्याला हवं तवा आयकू येतं."

सत्त्याण्णव साली बोर्डाचं बोलावणं आलं, त्याच दिवसांत केरू माळशेजच्या रस्त्याने चालला असता मागून एसटी आली आणि तो आपसूक बाजूला झाला. धाकलूने पाहिलं. "हॉर्न आयकला ना त्यानी! मी डोल्यांनी बघितला!" असं त्याने चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगितलं. डांबरी रस्त्याला बसलेला हादरा तळपायाला कळतो, हे धाकलूला कोण सांगणार?

केरूला बोलणं ऐकू येत नसलं तरी आपण टपरीवर गेलो की तोंडं मिटतात, हे दिसत होतं. आपल्याविरुद्ध फौजेकडे तक्रार गेली असणार, असं त्याने मनाशी धरलं. टपरीवर नवा माणूस दिसला की हा चौकशीला आलेला असेल म्हणून तो त्याला निरखत राही. एकदा मोटारसायकलवाला कुणी परका दारात पाणी मागायला थांबला, तर केरूने दार लावून घेतलं. बायको चिमाबाईने मागच्या दाराने जाऊन त्याला तांब्या दिला. बिचारा खताची जाहिरात करत फिरत होता.

पण संशयाचं वारं तिलाही लागलं होतं. एका सकाळी चुलीपाशी ती नवऱ्याच्या नावाने पुटपुटली आणि नेमका तो वळला. मग ते तिच्या डोक्यातून जाईना. तो जेवायला बसला असताना तिने पाठीमागे परात आपटली. केरूने मान वर केली नाही, पण घास क्षणभर तोंडातच थांबला. चिमाबाईला काय समजावं ते कळेना.

नाव पुकारलेलं कळावं म्हणून बोर्डाला तो तिलाच घेऊन गेला. तपासणीच्या खोलीत डॉक्टर मेजर बाई होत्या. त्यांनी केरूला खुर्चीवर बसवलं. चिमाबाई समोर बाकावर. बाई त्याच्या पाठीमागे गेल्या आणि शांतपणे हिंदीत म्हणाल्या, "इनकी पेन्शन बंद कर दो. नाटक कर रहे हैं."

चिमाबाईचा चेहरा एकदम उतरला. केरू ताडकन मागे वळला.

"सुना ना?" मेजर बाई त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या.

"नाय साहेब. मी हिचं तोंड बघितलं."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी चिमाबाईला बाहेर पाठवलं आणि पुन्हा पाठीमागे जाऊन काही काही बोलून पाहिलं. केरू रिकाम्या भिंतीकडे बघत बसून राहिला. मग यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं. खोटं दाबणाऱ्याचे आकडे दुसऱ्या खेपेला जुळत नाहीत, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर तेच सगळं पुन्हा केलं. दोन्ही वेळचे आलेख जुळले. संध्याकाळी मेजर बाईंनी चिमाबाईला सांगितलं, कान होता तसाच आहे, पेन्शन चालू राहील. 

कल्याणच्या एसटी स्टँडवर गावाकडे परतायला मुरबाडच्या गाडीची वाट बघताना चिमाबाई त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"अवो, ती परात मी मुद्दाम आपटली व्हती."

"ठाव हाय. जमीन हादरली."

"मग मागं का नाय बघितला?"

"बघितला असता तर तू म्हणाली असतीस, याला आयकू येतं. नाय बघितला, तर म्हणणार, सोंग करतोय. मी काय करू गो?"

 चिमाबाईने पदराने तोंड पुसलं आणि पिशवीतली केळी काढून त्याच्या हातात दिली.

पुढे काही वर्षांनी नियम बदलला आणि केरूला बोर्डाला जावं लागलं नाही. तरी धाकलूने हार मानली नाही. त्याच्या मुलाच्या लग्नात केरू मोठ्या भोंग्याच्या अगदी पुढ्यात बसून स्वस्थ जेवत होता, आणि नवऱ्याचा बाप मांडवात पाहुण्यांना सोडून त्याच्यावरच नजर ठेवून होता.